मधला काळ

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
अर्ज वीस रुपये, शपथपत्र पन्नास,
चूक माझी असेल तर पुन्हा फुकट.
रेवणसिद्ध म्हेत्रे आला तो फाल्गुनात,
आणि बाकावर असा बसला
जणू बाकाचीही परवानगी काढावी लागते.

गाव मंद्रूप. शिक्षण नववी पास.
अनुभव: पलटणीत चौदा वर्षं एक महिना.
पेन्शनीला अकरा महिने कमी पडलेले.
पुढचा रकाना: मधल्या काळात काय केले?
माझी बोटं थांबली.
"लिहा की ओ ताई, येरवडा. चार वर्षं सात महिने."
मग म्हणाला, "नको. कोरं ठेवा."
मग म्हणाला, "कोरं ठेवलं तर इचारतेत."

अकरा अर्ज केले आम्ही.
वॉचमनच्या एजन्सीला उंची आवडली, छाती आवडली,
सलाम तर फारच आवडला.
चालचलनाच्या दाखल्यापाशी आवाज बदलला.
होटगी रोडच्या बंगल्यात माळीकाम होतं.
तिथल्या बाईंना त्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दिसली.
"घरात लहान मुलं आहेत हो," म्हणाल्या.
वाईट बाई नव्हत्या. चहा दिला होता.
कागदी कपात.

बारावा अर्ज अर्धा टाइप झालेला असताना
मी मशीन झाकलं, त्याला रिक्षात घातलं
आणि अक्कलकोट रोडला गड्डमच्या कारखान्यात नेलं.
गड्डमनं कागद वाचला नाही.
"रात्री झोप लागतंय का?"
"नाही."
"मग रातपाळीला ये बे. मला जागाच माणूस पायजे."
मला हसू आलं. त्याला आलं नाही.
"सिव्हिलच्या डॉक्टरांचा हुकूम हाय, साहेब.
गोळी नऊला, आडवं साडेनऊला. झोप येवो न येवो."
हे त्यानं इतकं सावधान उभं राहून सांगितलं
की गड्डमच खुर्चीतून उठला.

दारात चादरींचा ढीग पडला होता.
कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं एक उचलली.
कोपऱ्याला कोपरा, तळहाताची कड फिरवून घडी.
दुसरी. तिसरी.
पलटणीत बिस्तरा असा लागायचा,
बराकीत कांबळंही असंच.
तपासणी दोन्हीकडे सकाळीच व्हायची.

आता तो घडीखात्यात, सकाळपाळीला.
मागांच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात;
त्याच्या कानात बोलणाऱ्यांना तिथं कोण विचारतो?
पण एका मंगळवारी लाइट गेली
आणि चोवीस माग एकदम गप्प झाले.
गठ्ठ्यांमागे सापडला तो,
डोकं गुडघ्यात, हात कानांवर.
पोरं लांब उभी.
कांडी भरणारी नरसव्वा, साठीची, मोडक्या मराठीची,
नुसती जाऊन शेजारी बसली
आणि त्याच्या पुढ्यातले टॉवेल मोजू लागली.
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु...
शंभराच्या पुढे कधीतरी
त्याचा आवाज तिच्या आवाजाला लागला,
चुकत, एक आकडा मागे.
ती थांबायची त्याच्यासाठी.
लाइट आल्यावरही दोघांनी गठ्ठा पुरा केला.
त्या दिवसाचा पगार कापायचा का,
यावर गड्डम आणि मुकादम भांडले.
अर्धा कापला.

शनिवारी तो माझ्याकडे आला.
बारा अर्जांचे दोनशे चाळीस रुपये
टेबलावर ठेवले, तेलुगूत मोजून.
ओठांवर आलं होतं, राहू द्या.
मग घेतले.
न घेणं म्हणजे त्याला त्या बाकावर
पुन्हा तसंच बसवणं झालं असतं.

बारावा अर्ज अजून माझ्या खणात आहे.
तो रकाना कोराच आहे,
आणि गड्डमनं अजून मागितलेला नाही.